लँडिंगपर्यंत काढू नये

आनंद देवस्थळी विमानाला घाबरतो ही गोष्ट डोंबिवलीत फक्त दोन माणसांना माहीत होती. एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको सुहासिनी. सुहासिनीला ती माहीत आहे हे मात्र त्याला माहीत नव्हतं. त्यामुळे गेली सहा वर्षं तो कारणं देत होता आणि ती पटल्यासारखं दाखवत होती. त्यांची मुलगी वल्लरी टोरांटोला होती. पहिल्या वर्षी आनंदचा गुडघा दुखत होता. दुसऱ्या वर्षी पासपोर्टवरचा फोटो त्याच्यासारखा दिसत नव्हता. मग सोसायटीचं रीडेव्हलपमेंट निघालं. हे कारण एकदम पक्कं होतं, कारण ते कधी संपत नाही आणि डोंबिवलीत त्यावर कुणी उलट प्रश्न विचारत नाही.

त्याच्या भीतीला अनुभवाचा पाया नव्हता असं मात्र म्हणता येणार नाही. त्याची सगळी नोकरी एका विमा कंपनीच्या ठाण्यात नौपाड्यातल्या ऑफिसात, दाव्यांच्या विभागात गेली होती. तिथे माणूस दारातून आत यायचा तो काहीतरी घडून गेल्यावरच. कुणाच्या अंगावर गॅलरी पडलेली, कुणाचा नवरा लिफ्टमध्ये अडकलेला, कुणाचं दुकान देवापुढच्या निरांजनाने पेटलेलं. जे लोक घरून निघाले आणि सुखरूप पोचले, त्यांचे कागद नौपाड्याला कधी आलेच नाहीत. असे लोकही जगात असतात यावरचा आनंदचा विश्वास निवृत्तीपर्यंत पार उडाला होता.

यंदा मात्र वल्लरीला आठवा महिना होता. आधीचं एक पाचव्या महिन्यात गेलं होतं, आणि तेव्हा तिच्याजवळ कुणी नव्हतं. जावई तिकडे उत्तरेला खाणीवर कामाला, महिन्यातला अर्धा वेळ घराबाहेर. वल्लरीने फोनवर ‘तुम्ही या’ असं एकदाही म्हटलं नाही. डिंकाचे लाडू बाळंतिणीला कधीपासून चालतात, एवढंच विचारलं. सुहासिनीने उत्तर दिलं, फोन ठेवला, आणि नवऱ्याला म्हणाली की आता गुडघा, फोटो आणि बिल्डर या तिघांपैकी कुणाचंही नाव काढायचं नाही. आपलं गुपित सहा वर्षं उघडंच होतं हे आनंदला त्या दिवशी कळलं.

उपायही तिनेच शोधला. शेजारच्या विंगमधले श्रीपादराव सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांनी ग्रुपवर टाकलं होतं की ठाण्याच्या ‘नभांगण’ नावाच्या कंपनीला एका दिवसापुरते प्रवासी हवे आहेत. डोळ्यांवर बांधायचे व्हीआर हेडसेट ही कंपनी विमानांसाठी बनवत होती. सीटच्या पाठीवरचे पडदे जाणार आणि प्रत्येकाला एकेक हेडसेट मिळणार. तो चढवला की शेजाऱ्याचं कोपर, मागचं रडणारं मूल आणि दोन तासांचा उशीर यांतलं काही दिसणार नाही. दिसेल फक्त समुद्र किंवा हिमालय. आपण विमानात आहोत हे प्रवाशाला कळूच नये, असं विमान कंपन्यांचं म्हणणं होतं. आनंदचंही म्हणणं अगदी हेच होतं. फक्त त्यासाठी विमानात बसायची गरज काय, हे त्याला समजत नव्हतं.

चाचणी जमिनीवरच होती. भंगारात निघालेल्या एका विमानाचा मधला तुकडा कंपनीने ट्रेलरवरून आणून डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये ठेवला होता. त्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचं, जेवायचं, आणि मग लँडिंग झालं असं सांगितलं की उतरून रिक्षाने घरी यायचं.

सुहासिनीने अट घातली. ती आवाज चढवत नसे, त्यामुळे तिच्या अटी मोडता येत नसत.

“तुम्ही लँडिंगपर्यंत बसलात, तर दोन तिकिटं. मध्येच ते डोळ्यांवरचं काढलंत, तर एक. मी चिडणार नाही. एकटी जाईन आणि बाळ बसायला लागलं की परत येईन.”

“बाळ कधी बसायला लागतं?”

“सहाव्या महिन्यात.”

आनंदने सहा महिने स्वतःच्या हातचं खाऊन पाहिलं, मनातल्या मनात, आणि हो म्हणाला.

चाचणीच्या दिवशी शेडमध्ये अपूर्व नावाच्या दाढीवाल्या तरुण मॅनेजरने सगळ्यांचं स्वागत केलं. डोंबिवलीकर निवडण्यामागे शास्त्र आहे असं तो म्हणाला. कितीही वेळ, कितीही कमी जागेत, तक्रार न करता प्रवास करणारी माणसं एवढ्या संख्येने दुसऱ्या कुठल्याच गावात सापडली नव्हती. डोंबिवलीकरांनी टाळ्या वाजवल्या.

आनंदचं लक्ष दाराकडे होतं. दार अस्सल विमानाचं होतं, पण आतला खटका भंगारवाल्याने आधीच काढून विकला होता, म्हणून कंपनीने बाहेरून कडी बसवली होती. साधी लोखंडी, गोठ्याला असते तशी. तीस वर्षं त्याने दाव्यांच्या कागदांत अशाच कड्यांचे फोटो पाहिले होते. कडी कोण काढणार असं त्याने विचारलं. अपूर्व म्हणाला की चांगदेव आहे ना, आणि लांब स्टुलावर बसलेल्या वॉचमनने हात वर केला.

आत हवाई सुंदरीच्या पोशाखात प्रियांका होती. ती कल्याणच्या एका नाट्यसंस्थेत काम करायची आणि तिला या भूमिकेसाठी तालमी दिल्या होत्या. तिने सगळ्यांचे पट्टे तपासले, एकेकाच्या डोक्यावर हेडसेट चढवला, आणि गोड आवाजात एकच सूचना दोनदा दिली. लँडिंगपर्यंत काढू नये. पहिल्यांदा घातला की डोळे थोडे चुरचुरतात, ते नॉर्मल आहे. सीटखालच्या छोट्या खोक्यातून दृश्याला साजेसे वास येतील, तेही नॉर्मल आहे.

सुहासिनीने देवमासे निवडले. आनंदने सगळ्यांत कमी धोक्याचं म्हणून एक कुरण निवडलं. कुरणात एक गाय होती. ती चरत होती, मधून त्याच्याकडे बघत होती आणि पुन्हा चरत होती. पायाखालून गुरगुर सुरू झाली, सीट थरथरली, आणि दार लावल्याचा आवाज आला. मग कडीचा.

पुढचा काही वेळ आनंद गायीकडे बघत बसला आणि तिचं काय होऊ शकेल याचा विचार करत राहिला. वीज पडू शकेल. विहीर असू शकेल. नाकापाशी हेडसेट नीट टेकत नव्हता आणि तिथल्या फटीतून खाली पाहिलं की त्याला खरं जग दिसत होतं: त्याचे बूट, आणि शेजारी सुहासिनीच्या चपला. भीती अंगावर आली की तो त्या चपलांकडे बघायचा. हे काढणं नव्हतं. अटीत फटीबद्दल काही म्हटलेलं नव्हतं.

जेवण आलं. हेडसेटमध्ये ताटात पास्ता दिसत होता आणि तोंडात बटाट्याची भाजी लागत होती. माणसं चाचपडत, हसत, एकमेकांच्या ताटात हात घालत जेवली. प्रियांकाने ताटं उचलली. पोटं भरली तशी बोलणी थांबली आणि आनंदच्या कुरणात ऊन उतरायला लागलं.

वास आला तो त्यानंतर.

आधी अगदी हलका, गोडसर. पिकून गेलेल्या केळ्यासारखा, आणि त्याच्या मागे काहीतरी धातूचं. आनंदला वाटलं, गाय. मग वाटलं, गायीला असा वास येत नाही.

“आज जरा जास्तच आहे,” पुढच्या सीटवरून श्रीपादराव म्हणाले.

“एमआयडीसी फेज टू,” पलीकडून कुणीतरी ओळखून सांगितलं.

“नाही हो. फेज टूचा आंबट असतो. हा गोड आहे.”

“मग यांच्याच खोक्यातला. मी पाइनचं जंगल लावलंय. पाइनला येतो असा वास.”

“तुम्ही कधी हुंगलंत पाइन?”

“फिनाइलच्या बाटलीवर लिहिलेलं असतं की.”

सगळे हसले. हसताना दोघंतिघं खोकले.

इथे डोंबिवलीबाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. या गावात वास येणं ही घटना नसते, ते हवामान असतं. संध्याकाळी ग्रुपवर कुणीतरी विचारतं, वास येतोय का हो कुणाला? बाराजण हो म्हणतात. एकजण कुठल्या कंपनीचा ते सांगतो, दुसरा त्याला खोडून काढतो, मग सगळे खिडक्या लावून जेवायला बसतात. सकाळी वास गेलेला असतो. यात घाबरण्यासारखं काही असतं ही कल्पना घरात नव्या आलेल्या सुनांची असते, आणि तीही वर्षभरात जाते. त्यामुळे केबिनमधल्या एकाही माणसाने या वासाला वेगळं मानलं नाही. लावायला खिडकी तेवढी नव्हती.

आनंदही डोंबिवलीकरच होता. त्यानेही आधी तेच केलं: कंपनी ओळखण्याचा प्रयत्न. ती ओळखता येईना. वास आता नाकात राहिला नव्हता, घशात उतरला होता, आणि तिथे बारीक काहीतरी ओरखडत होतं. पण त्याची भीती नेहमी घशातच सुरू व्हायची. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर, लिफ्टमध्ये, वल्लरीचा फोन अवेळी वाजला की, आधी घसाच धरायचा. तेव्हा हा वास आहे की आपणच आहोत, हे त्याला सांगता येईना. आयुष्यभर जो माणूस प्रत्येक वेळी घाबरला, त्याच्याजवळ खऱ्या वेळेसाठी वेगळी भीती शिल्लक नसते.

त्याने सुहासिनीच्या हाताला हात लावला. वास येतोय, असं तिच्या कानाशी सांगितलं. तिने हेडसेटचा कानावरचा एक गोळा बाजूला केला. असेल, म्हणाली. पण तिला विचारून उपयोग नव्हता, कारण करोनानंतर तिला वास येणं थांबलं होतं ते पुन्हा सुरू झालंच नव्हतं. दूध लागलं का, गॅस चालू राहिला का, हे ती रोज त्यालाच विचारायची.

“घसा जळतोय माझा.”

“अहो, थोडंच राहिलंय.” तिने त्याचा हात थोपटला. “तुम्ही इतका वेळ बसाल असं मला वाटलं नव्हतं. आता माती करू नका.”

असं कौतुक तिने बऱ्याच वर्षांनी केलं होतं. आनंद आणखी थोडा वेळ बसला. गाय चरत होती. त्याने फटीतून खाली पाहिलं. सुहासिनीच्या चपलांतली बोटं आखडलेली होती, आणि मग तिच्या मांडीवर वरून काहीतरी पडलं. थेंब. मग आणखी एक.

त्याने हेडसेट काढला.

केबिन मंद निळ्या उजेडात होती. ओळीने माणसं बसली होती, सगळी काळ्या डब्यांत डोळ्यांपर्यंत बुडालेली, आणि त्या डब्यांखालून प्रत्येकाच्या गालावर पाणी वाहत होतं. कुणी ते पुसत नव्हतं. श्रीपादरावांच्या हनुवटीवरून ते गळून शर्टाची कॉलर भिजली होती, आणि श्रीपादराव हसत होते. समोर काहीतरी छान चाललं होतं. पलीकडची एक बाई तोंड उघडं टाकून कौतुकाने वर बघत होती आणि तिच्या नाकातून धार लागली होती. कुणी खोकत होतं, आणि खोकून झालं की पुन्हा हसत होतं. सुहासिनीच्या ओठांवर तर वल्लरी झाली तेव्हा होतं तसं हसू होतं. तिचा सगळा चेहरा ओला होता.

आनंदने हेडसेट सीटवर टाकला. तो पट्टा सोडून उठला तेव्हा प्रियांका धावत आली. तिचे स्वतःचे डोळे लालभडक झाले होते, काजळ ओघळलं होतं, पण तालीम चोख होती.

“सर, प्लीज बसा. हे खरं नाहीये. तुम्ही जमिनीवर आहात.”

“मला माहितीये मी जमिनीवर आहे.”

“तुम्हाला भीती वाटतेय ना, ती नॉर्मल आहे. दीर्घ श्वास घ्या.”

“अगं, श्वासच नको घेऊ. तुझे डोळे बघ. आरशात बघ.”

तेवढ्यात स्पीकरवरून अपूर्वचा आवाज आला. तो बाहेर पलीकडच्या बंद काचेच्या खोलीत पडद्यांसमोर बसलेला होता. एका प्रवाशाला पॅनिक आलेलं आहे, बाकीच्यांनी कृपया आपला अनुभव चालू ठेवावा, असं तो म्हणाला. बाकीच्यांनी चालू ठेवला. “देवस्थळी असणार,” हेडसेट न काढता श्रीपादराव म्हणाले, आणि मागे कुणीतरी हसलं. म्हणजे तिसऱ्यालाही माहीत होतं. बहुधा सगळ्या सोसायटीलाच.

आनंदने सुहासिनीचा पट्टा सोडला आणि तिच्या डोक्यावरचा डबा ओढून काढला.

ती त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती त्याला पुढे पुष्कळ दिवस दिसत राहिली. त्या नजरेत राग नव्हता. एक तिकीट होतं. मग तिने डोळे चोळले, हात ओला झालेला पाहिला, आजूबाजूला बघितलं, आणि दुसऱ्या क्षणी ती उभी होती.

दोघांनी दारावर मुठी आपटल्या. प्रियांका आधी त्यांना आवरत होती. मग तिला खोकल्याची उबळ आली, आणि ती ओसरल्यावर तीही आपटायला लागली. बाहेरून चांगदेवचा आवाज येत होता. तो काय म्हणतोय ते जाड दारातून कळत नव्हतं. आनंदने जिवाच्या आकांताने ओरडून सांगितलं की आत माणसं मरतायत. बाहेरचा आवाज थांबला. कडी वाजली.

दार फटीएवढं उघडलं आणि सुहासिनी बाहेर पडली. आनंदनेच तिला पुढे ढकललं होतं. शेडमध्ये तिला मोकळी हवा दिसली, आणि योगवर्गात शिकवतात तसा तिने पोट फुगवून एक मोठा श्वास घेतला. तिला वास येत नव्हता. आनंदला आला. आतला वास त्याच्यापुढे काहीच नव्हता. शेडच्या उघड्या शटरमधून पिवळट धूर जमिनीलगत, पाणी शिरावं तसा, आत येत होता.

तोंडाला ओला गमछा बांधलेला चांगदेव हात आडवे करून उभा होता.

“बाहेर येऊ नका म्हणून कधीचा ओरडतोय. शेजारची टाकी फुटलीय. फायरवाल्यांचा निरोप आलाय, आहात तिथेच दारं लावून बसा म्हणून. आत चला, आत.”

सुहासिनी खाली बसली. मग आडवी झाली. तिच्या छातीतून फुटक्या भात्यासारखा आवाज येत होता. आनंदने आणि चांगदेवने तिला काखेत हात घालून आत ओढलं, चांगदेवने त्यांच्यामागून ओली पोती आत फेकली आणि स्वतःही आत येऊन दार ओढून घेतलं. प्रियांकाने पोती फटीत दाबली. केबिनमध्ये बाहेरची हवा खेचणारा एसी चालू होता, तो अपूर्वने आता बंद केला. आतापर्यंत गॅस आत येत होता तो त्यातूनच. दार मात्र आनंदने उघडायला लावलं होतं. आतल्या गॅसने लोकांचे डोळे गेले असते कदाचित. बाहेरच्याने बायको जाणार होती. त्याच्या सगळ्या नोकरीत असा दावा आला नव्हता, ज्यात घाबरणाऱ्या माणसाचं खरं होतं आणि त्यानेच घात केला होता.

आता सगळ्यांना सांगावंच लागलं. डबे निघाले. आतापर्यंत पाणी गाळत हसणारी माणसं एकमेकांचे चेहरे बघून रडायला लागली. कुणी दाराकडे धावलं, चांगदेव दाराला पाठ लावून उभा राहिला. कुणी फोन लावत होतं, कुणी अपूर्वच्या आईचा उद्धार करत होतं. एसी बंद झाल्याने घामाच्या धारा लागल्या होत्या. थोड्या वेळाने ओरडणं आपोआप ओसरलं, कारण ओरडायला श्वास लागतो. आणि मग एक गोष्ट झाली. श्रीपादरावांनी आपला हेडसेट उचलला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांच्या शेजारच्याने चढवला. एकेक करून बहुतेकांनी चढवले. या वेळी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सुहासिनी दोन सीटांमधल्या वाटेत आनंदच्या मांडीवर डोकं टेकून पडली होती. ती हवा घाईघाईने गिळत होती, आणि जितकी घाई करत होती तितकी हवा कमी पडत होती. तिचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर होते. तिथे तिला काय दिसत असेल हे त्याला माहीत होतं. त्या चेहऱ्याने कधी कुणाला धीर आला नव्हता.

त्याने तिचा हेडसेट ओढून घेतला आणि तिच्या डोळ्यांवर हलक्या हाताने बसवला. तिने मान हलवून नको म्हटलं. त्याने ऐकलं नाही.

“काय दिसतंय?”

“पाणी.”

“मासा?”

तिने दोन घोट हवा गिळली. “येतोय.”

“तो वर येईल तेव्हा श्वास घे. तो खाली जाईल तेव्हा सोड. त्याला घाई नाहीये.”

मासा वर आला असावा. छाती उचलली, अडखळली, पुन्हा उचलली.

“अहो. वास आहे का अजून?”

“गेला,” आनंद म्हणाला. “मघाशीच गेला.”

वास तसाच होता. उलट दाट झाल्यासारखा वाटत होता, आणि दर श्वासाला त्याच्या घशात काचेची पूड उतरत होती. पण ते तिला कळायचं साधन नव्हतं. तिच्यापुढे समुद्र होता आणि कानाशी नवरा होता, आणि दोघंही तिला खोटं सांगत होते. तिचा श्वास हळूहळू माशाच्या चालीने पडायला लागला. एकदा मासा पुष्कळ वेळ खालीच राहिला. आनंदने तिच्या छातीवर तळहात ठेवला आणि वाट पाहिली. विमान कोसळताना काय वाटत असेल याची त्याने हजार वेळा कल्पना केली होती. त्या सगळ्या कल्पनांमध्ये आवाज असायचा. हे इतकं शांत असेल असं त्याला वाटलं नव्हतं. मग तळहात वर उचलला गेला.

आजूबाजूला बहुतेक सगळे डोळे झाकून बसले होते. त्याचे उघडे होते, आणि ते मिटायची त्याची हिंमत नव्हती. बाहेरून दार ओढलं गेलं तेव्हा दारात तोंडाला नळ्या लावलेली माणसं उभी होती, आणि आवाज ऐकून श्रीपादरावांनी विचारलं की लँडिंग झालं का.

कुणी दगावलं नाही. वर्तमानपत्रांनी त्याला चमत्कार म्हटलं आणि टाकीवाल्या कंपनीने किरकोळ गळती म्हटलं. सुहासिनीला ठाण्याला नौपाड्यातल्या एका हॉस्पिटलात ठेवलं होतं, आनंदच्या जुन्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर. नाकात नळी होती. बोलताना मध्ये थांबावं लागे.

भेटायला अपूर्व आला. शहाळी आणली होती. त्याला वाईट वाटलं होतं हे खरंच होतं, पण त्याच्याजवळ एक चांगली बातमीही होती आणि ती त्याला दाबता येईना. प्रत्यक्ष आपत्तीत, विषारी वायूमध्ये, एक अपवाद वगळता एकाही प्रवाशाने आपणहून हेडसेट काढला नव्हता, आणि धोका कळल्यावर बहुतेकांनी तो स्वेच्छेने परत घातला होता. विमान कंपनीची माणसं ते आकडे बघून उभी राहिली होती म्हणे. करार झाला होता. त्याने आनंदला अगदी मनापासून विचारलं की तुमच्या बाबतीत कंटेंट कुठे कमी पडलं.

“गाय चांगली होती,” आनंद म्हणाला.

अपूर्वने ते फोनमध्ये टिपून घेतलं.

डॉक्टर संध्याकाळी आले. फुप्फुसं भरून यायला वेळ लागेल, म्हणाले. तीन महिने विमान नाही. तिथली विरळ हवा यांना सोसणार नाही, कुणाच्याही बाळंतपणासाठी नाही. ते गेल्यावर सुहासिनीने बोटांवर आठवडे मोजले. वल्लरीला पाच आठवडे राहिले होते. तिला अजून काहीच सांगितलेलं नव्हतं.

“एकच तिकीट काढा,” सुहासिनी म्हणाली. “तुमचं.”

आनंदने तोंड उघडलं. नेहमी त्या जागी एखादं कारण तयार असायचं. आज नव्हतं. घसा मात्र धरला, आणि या वेळी गॅस कुठेच नव्हता.

“मी जाऊन काय करणार तिथे? मला काय येतं?”

“काही येत नाही. म्हणून आत्ताच शिकायचं. खुर्ची सरकवा. पाय लांब करा, एकमेकांना जुळवून. वल्लरीला माझ्या आईने अंघोळीला कसं पायांवर घेतलं होतं, बघितलंत ना?”

त्याने बघितलं नव्हतं. त्या वेळी त्याला ते बघवलं नव्हतं, निसटेल म्हणून. तो जमिनीवर भिंतीला टेकून बसला, पाय पसरले. सुहासिनीने डोक्याखालची उशी काढून त्याच्याकडे दिली. त्याने ती नडग्यांवर ठेवली. दोन्ही पाय नीट जुळले नव्हते. उशी हळूहळू उजवीकडे घसरली आणि खाली पडली.

दारावरून जाणारी नर्स बघायला थांबली आणि मग पुढे गेली.

“पुन्हा,” सुहासिनी म्हणाली. तिने नळीतून हवा घेतली. “आधी मान धरायची. डाव्या हाताने. मान धरल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही.”

“उशीला मान नसते.”

“धरा.”

आनंदने उशी उचलून परत पायांवर ठेवली, आणि डावा हात तिच्याखाली सारला.